उसना उजेड

आमच्या गाडीचे दिवे लागतात याचा पुरावा डॅशबोर्डवर आहे. बटण फिरवलं की तिथे एक हिरवी खूण उमटते. अप्पर मारला की तिच्या शेजारी निळी. ही निळी खूण भलतीच झगझगीत आहे. तिच्या उजेडात मला स्टिअरिंगवरचे माझे हात दिसतात, मनगटावरचं घड्याळ दिसतं, बायकोच्या चेहऱ्यावरचे भाव तर फारच स्पष्ट दिसतात. रस्ता तेवढा दिसत नाही. कारखान्यात दोन मोठे दिवे बाहेर आणि एक बारका आत बसवायचा असतो. आमच्या गाडीच्या वेळी कुणाचा तरी डबा खायचा टाइम झाला असावा.

"दिवे लाव ना," अंधार पडला की बायको म्हणते.

"लावलेत."

"कुठे?"

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मी निळ्या खुणेकडे बोट दाखवतो.

पूर्वी गाडीच्या दिव्याला खरीखुरी काच असायची. ती दगडाने फुटायची, पण पिवळी पडत नसे. आता तिथे पॉलिकार्बोनेट असतं. ते सहसा फुटत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा लेप तेवढा जातो आणि मग ते आधी पिवळं, मग दुधी, मग कुणी आतून पडदा ओढून घेतल्यागत होतं. आमच्या सोसायटीत छपराखालची जागा चिठ्ठ्या टाकून देतात आणि माझी चिठ्ठी आजवर निघालेली नाही. त्यामुळे आमची गाडी बारा महिने उन्हात असते आणि छपराखाली सेक्रेटरींची सायकल असते.

गाडीच्या दिव्यांवर उपाय सांगायला पार्किंगमध्ये माणूस नेमावा लागत नाही. तुम्ही दिव्यासमोर उकिडवे बसलात की लोक आपोआप जमतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "टूथपेस्ट लावा." शेजारचे म्हणाले, "जेल नको हं, जेलमध्ये खर नसते. साधी पांढरी घ्या." तिसरे म्हणाले, "लवंगवाली घ्या." लवंगीचा उजेडाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, कारण घरात तीच होती. जुनं बनियन घेऊन मी गोल गोल घासत बसलो. पांढरा फेस हळूहळू मातकट झाला, मग गढूळ पिवळा. पाण्याने धुतला तर आतला रिफ्लेक्टर चक्क दिसायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवर मुंग्यांची रांग होती. पंधरा दिवस आमच्या गाडीच्या तोंडाला फार सुंदर वास येत होता. मग दिवे पुन्हा पिवळे पडले, आणि आधीपेक्षा लवकर पडले, कारण उरलासुरला लेपही मी लवंगीसकट घासून काढला होता.

मग मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. या माणसाचं दुकान म्हणजे एक टेबल, एक मल्टीमीटर आणि ठाम मतं.

"साठ-पंचावन्नचा बल्ब आहे तुमचा," तो तुच्छतेने म्हणाला. "काढून टाका. शंभर-नव्वद टाकतो. रात्रीचा दिवस करतो."

"कायद्याने चालतो का?"

"चालतो? अहो, पळतो!"

तो खरंच पळाला. पहिल्या संध्याकाळी मला रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसले आणि मी इतका खूश झालो की उगाच खेड शिवापूरपर्यंत गेलो. तिथे काहीतरी करपल्याचा वास आला. "कुणाच्या तरी गाडीचं काहीतरी जळतंय," बायको म्हणाली. आम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या कुणाच्या तरी गाडीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि तेवढ्यात आमच्यापुढे अंधार झाला. साठ वॅटच्या हिशेबाने ओढलेल्या बारीक वायरीतून शंभर वॅट नेले की आधी होल्डर वितळतो, मग वायर, मग मालक. इलेक्ट्रिशियनने नवा होल्डर घातला, रिले घातला, जुना साठ-पंचावन्न परत लावला, तरी उजेड येईना. अर्धा तास मल्टीमीटरची टोकं इकडेतिकडे टेकवून तो शेवटी म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला अर्थच नाही."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं.

"ते मी केव्हाची सांगतेय," ती म्हणाली.

मेहुण्याने मात्र हार मानली नाही. मेहुणे मानतच नाहीत. त्याने ऑनलाइन एलईडी मागवले, सहा हजार केल्विनचे. केल्विन म्हणजे काय हे त्यालाही माहीत नव्हतं, पण सहा हजार म्हटल्यावर स्वस्त नसणार एवढं दोघांनाही पटलं. आता गोष्ट अशी आहे की रिफ्लेक्टर बनवलेला असतो हॅलोजनच्या बारक्या तारेसाठी. ती तार जिथे असते, तिथून निघालेला उजेड नेमका रस्त्यावर पडावा असा त्याचा आकार. त्यात एलईडी कोंबला की उजेड भरपूर पडतो, पण मन मानेल तिथे. आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्या दिसू लागल्या. दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या. वडाच्या झाडावर झोपलेले कावळे उठून ओरडू लागले. खड्डे मात्र पूर्वीसारखेच, गाडी आत गेल्यावर दिसायचे. समोरून येणारा प्रत्येक ट्रक आमच्यावर अप्पर मारून सूड घ्यायचा. मेहुणा म्हणाला, "बघ, लोकांना कळतंय तुझे दिवे!" मी ते काढून त्याला राखीपौर्णिमेला परत दिले.

खरं सांगायचं तर माझ्या पिढीला उजेडाची सवयच नाही. आमचं शिक्षण वडिलांच्या स्कूटरवर झालं. त्या स्कूटरचा दिवा बॅटरीवर नव्हता, इंजिनावर होता. थांबलात की दिवा मिणमिणायचा, अॅक्सिलरेटर पिळला की उजळायचा. म्हणजे पुढे खड्डा आहे का हे बघायचं असेल तर वेग वाढवणं भाग होतं. खड्डा आहे हे दिसेपर्यंत आपण त्यात भरधाव पोचलेलो असायचो. ज्याने या विद्यापीठात पदवी घेतली, त्याला हेडलाइट ही चैन वाटते.

आताच्या मुलांचं तसं नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करताच येत नाही. त्यामुळे भर दुपारी बारा वाजता रस्त्यावरचा प्रत्येक भला माणूस पंजा उघडमीट करून सांगतो, दिवा चालू आहे. सिग्नलवरचा रिक्षावाला सांगतो, भाजीवाली सांगते, बसच्या खिडकीतून शाळेतली पोरं सांगतात. समाजात एवढी कणव आहे हे बघून ऊर भरून येतो. रात्री एखाद्याचा दिवा बंद असेल तर मात्र कुणी सांगत नाही. त्यात लोकांचा दोष नाही. तो दिसतच नाही.

दिव्यांची भाषा हा आणखी एक घोळ. ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं, रात्री डिपर वापरा. हा शब्द ट्रकवाल्यांच्या तोंडात इतका बसलाय की टाटा मोटर्सने २०१६ साली त्यांच्यात एड्सबद्दल जागृती करायला कंडोम काढला, तेव्हा त्याचं नावच 'डिपर' ठेवलं. पण डिपर वापरायचा म्हणजे नेमकं काय म्हणायचं, यावर एकमत नाही. एकदा मारला तर 'मी आलो'. दोनदा मारला तर 'मी आलो आणि थांबणार नाही'. चार-पाचदा मारला तर पुढे पोलीस आहेत, किंवा तुमची डिकी उघडी आहे, किंवा तुमच्या घराण्याबद्दल काहीतरी. आमचा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे समोरच्याने दिवा मारला की 'या, तुम्ही आधी जा' असा त्याचा अर्थ घ्यायची सर्रास पद्धत आहे. सुट्टीत आला असताना पुण्यात एका चौकात समोरच्या डंपरने अप्पर मारला. भाच्याने हसून हात हलवला, तोंडाने थँक्यू म्हटलं आणि गाडी पुढे घातली. डंपरवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरून त्याला मराठीचा एक छोटा वर्ग दिला. भाचा आता सुट्टीत रिक्षाने फिरतो.

शेवटी बायकोने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं म्हणणं, उरलेला भाग एकच आहे.

"रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतात. ट्रकवाल्यांच्या डोक्यामागेसुद्धा दिसतं. मला वाटलं, त्यांच्यात सुधारणा झाली."

"मोतीबिंदूची सुरुवात आहे. वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, उजेड कमी आत येतो. गाडी किती वर्षांची?"

"सोळा."

"दिव्यांच्या काचा?"

"पिवळ्या."

डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी टूथपेस्टचा विषय काढला नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आपल्या हायवेवर दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी अप्पर मारून ते सगळं पहिल्यापासून सुरू करायला लावतो. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे तेहेतीस मीटर गेले. नंतर गाडी थांबायला आणखी पस्तीसेक. लो बीममध्ये धड दिव्यांनीसुद्धा फार तर चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं. थोडक्यात, म्हैस आपल्याला दिसते तेव्हा तिचा आणि आपला निकाल आधीच लागलेला असतो, फक्त तो जाहीर व्हायचा असतो.

"मग ताशी चाळीसने चालव," बायको म्हणाली. गणित तिला नेहमीच लवकर सुटतं.

यंदा जानेवारीत तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न रत्नागिरीला होतं. दुपारी बाराला निघायचं ठरलं होतं, म्हणजे साडेचारला निघालो. कराडला चहा होईपर्यंत अंधार पडला आणि तिथून पुढे आंबा घाटाकडे जाणारा रस्ता लागला. जानेवारी म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम. या दिवसांत तिकडच्या रस्त्यावर रात्री दिव्यांपेक्षा कानांचा उपयोग जास्त. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस असा लोंबत असतो की चिकटवलेला रिफ्लेक्टर पाल्याखाली गडप. टेललॅम्प असलाच तर आठवणीपुरता. पण ट्रॅक्टरवर टेप मात्र दणदणीत. आपण खिडकी खाली घ्यायची. गाणं लांबून आलं तर अजून वेळ आहे. ढोलकी कळायला लागली तर ब्रेक. शब्द कळायला लागले तर देवाचं नाव.

बैलगाड्यांचं दुःख वेगळं. बैलाचे डोळे अंधारात काय सुरेख चमकतात! थोडासा उजेड पडला तरी हिरवे लखलखतात. पृथ्वीवर याहून स्वस्त रिफ्लेक्टर नाही, आणि तो बैलाच्या पुढच्या बाजूला बसवलाय. आपण येतो मागून.

आणि एकडोळे. समोरून एकच दिवा येतोय म्हणून आपण मोटरसायकल समजतो आणि तिच्यापुरती जागा सोडतो. ती जवळ आली की तिचा ट्रक होतो. बंद दिवा डावा होता की उजवा, यावर पुढचं सगळं अवलंबून. त्या रात्री असे इतके भेटले की बायकोने मोजणं सोडून शिव्या देणं सुरू केलं. "एक बल्ब बदलायला काय होतं रे यांना? किती रुपयांचा येतो? लाज नाही वाटत?" मीही त्वेषाने हो म्हणत होतो.

तेवढ्यात आम्हाला एसटी सापडली.

अंधुक दिव्यांच्या माणसाला पुढे चाललेली एसटी म्हणजे काय, हे झगझगीत दिवेवाल्यांना कळायचं नाही. तिचे दोन लाल टेललॅम्प धरायचे. ते वर उडाले की पुढे स्पीडब्रेकर. डावीकडे झुकले की खड्डा. ब्रेक लागला की म्हैस. बायकोने डोळे मिटले, मी पाय सैल सोडला, आणि आम्ही पन्नास-साठच्या वेगाने मजेत चाललो. एका ठिकाणी एसटी उजवीकडे वळली. मीही वळलो. रस्ता जरा अरुंद झाला. मी म्हटलं, घाट जवळ आला. रस्ता कच्चा झाला. मी म्हटलं, चौपदरीकरण चालू असणार. मग एक पार आला, एक देऊळ आलं, आणि एसटी ग्रामपंचायतीपुढे वळसा घेऊन थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर पथारी काखोटीला मारून खाली उतरला.

ती वस्तीची गाडी होती.

पारावरून दोघंतिघं उठून आले. "कुणाकडं आलाय, पावनं?"

"रत्नागिरीला."

"आन् हिकडं कशापायी?"

"एसटीच्या मागं आलो."

कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "माझ्या गाडीची पाटी वाचली न्हाईसा?"

"पाटी पुढं असते हो. आम्ही मागं होतो."

"मी बघतोय केव्हापास्नं आरशात," ड्रायव्हर म्हणाला. "म्हटलं, एवढ्या गाड्या मागनं येत्यात, कोण आमदार-बिमदार हाय का काय."

एवढ्या गाड्या? मी मागे वळून पाहिलं. आमच्या मागे एक पांढरी कार उभी होती आणि तिच्या मागे अंड्यांचा टेम्पो. कारमधले गृहस्थ खाली उतरून थेट माझ्यावर आले. त्यांना गणपतीपुळ्याला जायचं होतं.

"तुम्ही वळलात म्हणून आम्ही वळलो! इंडिकेटर कसा दिलात इतका आत्मविश्वासाने?"

टेम्पोवाला शांत होता. तो म्हणाला, मी तुम्हा दोघांच्या मागे कराडपासून आहे, चांगली सोबत झाली.

एव्हाना अर्धं गाव जागं झालं होतं. तीन गाड्या ओळीने आल्यामुळे कुणाच्या तरी घरी वऱ्हाड उतरलं अशी बातमी पसरली आणि एका घरातून तर चहासुद्धा आला. चहा पिताना परत फाट्यापर्यंत जायचं कसं याची चर्चा सुरू झाली. म्हणजे वाट सगळ्यांना दाखवली गेली. प्रश्न होता पुढे कोण होणार. इथे मराठी माणसाचा विनय उफाळून आला.

"तुम्ही व्हा पुढे," मी कारवाल्यांना म्हटलं.

"छे छे, तुम्ही मोठे. आणि आमच्या मिसेसना पुढे असलं की भीती वाटते."

आम्ही दोघांनी टेम्पोकडे पाहिलं. त्याचे दिवे लखलखीत होते. त्या उजेडात ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची घरपट्टी थकवणाऱ्यांची यादी अख्खी वाचता येत होती आणि तिघंचौघं ती वाचतही होते.

"माझी लाईट झकास हाय," तो म्हणाला. "पर गाडीत अंडी हायत. पुढं झालो तर खड्डा आधी मला लागणार. मागं असलं की कसं, तुमची गाडी उडली की मी ब्रेक मारतो."

इतकं प्रामाणिक बोलणं मी हायवेवर कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याशी कुणालाच वाद घालता येईना. कंडक्टरने पथारी पसरता पसरता तोडगा सुचवला, "हितंच पडा. पहाटं साडेपाचला गाडी सुटती. फाट्यापतुर मागनं या. आता सवय झालीच हाय." बायकोने लग्नाचा मुहूर्त किती वाजताचा आहे ते त्याला सांगितलं, म्हणजे मला सांगितलं.

शेवटी एक पोरगा पुढे झाला. अठराएक वर्षांचा, मफलर गुंडाळलेला. "चला, मी सोडतो फाट्याला." त्याने देवळामागून मोटरसायकल काढली. तिला हेडलाइट नव्हता. म्हणजे फुटका नव्हे, बंद नव्हे. जिथे असतो तिथे दोन वायरी होत्या आणि त्यावर चिकटपट्टी.

"अरे, दिवा?"

"कशाला? रस्ता पाठ हाय." मग आमची तोंडं बघून त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. कापडातून उजेडाचा बोटभर चौकोन झिरपला. तो त्याला पुरत होता.

अशी आमची मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे दिवा नसलेला पोरगा, त्याच्या मागे मी, माझ्या मागे गणपतीपुळे, शेवटी अंडी. पोरगा एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्याने मागे न बघता आम्हाला खुणा करत होता: इथे दगड, इथे चर, इथे कुत्रं झोपतं. कुत्रं खरंच तिथे झोपलेलं होतं. संबंध प्रवासात मला इतकं नीट कधीच दिसलं नव्हतं.

फाट्यावर डांबरी रस्ता आला. त्याने गाडी कडेला घेतली, आम्हाला हाताने वाट दाखवली. मी काच खाली करून त्याचे आभार मानले, पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मी गाडी वळवली. आमचे दिवे क्षणभर त्याच्या अंगावरून फिरले आणि तो एकदम हात वर करून ओरडला,

"सायेब! तुमची एक लाईट बंद हाय!"

बायको माझ्याकडे बघत असावी. मला दिसत नव्हतं.